रेवणप्पा नंबर वन

ज्या दिवशी केंद्र सरकारने मला सोडून रंगनाथला निवडलं, त्या दिवशी मी दुपारी जेवलो नाही. गंगम्माने, म्हणजे आमच्या मंडळींनी, "पित्त झालंय का?" असं विचारलं. मी हो म्हणालो. जळफळाटाला पित्त म्हणण्याची आमच्या घरात जुनी पद्धत आहे.

झालं असं, की घराघरांत इंटरनेट कोण वापरतं आणि कशासाठी वापरतं, याची सरकारी पाहणी निघाली होती. परभणीहून राजेश्री नावाची एक मुलगी टॅबलेट घेऊन आमच्या ताडकळसला आली, गल्लीतली सगळी घरं लिहून घेऊन गेली आणि आठवड्याने परत येऊन म्हणाली, "या गल्लीतनं रंगनाथ काकांचं घर निघालंय. सोमवारी येते माहिती घ्यायला."

"निघालंय म्हणजे? कुणी काढलं?" मी विचारलं.

"टॅबलेटनं. चिठ्ठी टाकल्यासारखं असतंय ते."

आता रंगनाथ कोण आणि मी कोण हे सांगतो, म्हणजे त्या टॅबलेटची लायकी तुमच्या ध्यानात येईल. बाजाररस्त्यावर माझं कापडाचं दुकान आहे. काउंटरवर पैसे भरायचा चौकोनी ठिपक्यांचा कागद ताडकळसमध्ये पहिल्यांदा चिकटवला तो मी. पैसे जमा झाले की मोठ्याने ओरडणारा डबाही पहिला माझाच. व्यापाऱ्यांच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन मी. रोज इष्टलिंगाची पूजा झाली की कपाळाची विभूती वाळायच्या आत माझा सुविचार दोनशे माणसांना पोचलेला असतो. माझ्या वायफायला मी नाव दिलं होतं 'रेवणप्पा नंबर वन'. गल्लीत कुणीही मोबाईल उघडला तरी पहिलं नाव माझं दिसायचं. दुकानाच्या पाटीला रंग द्यावा लागतो, याला तोही लागत नाही.

आणि रंगनाथ? माझा भिंतीला भिंत शेजारी. शेत, म्हशी, ट्रॅक्टर. मोबाईल कानाला लावताना अजून डोळे मिटतो. त्याचा मुलगा बाहेरगावी नोकरीला असतो आणि सून सविता घरात बसून पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं काम करते हे खरं, पण त्यात रंगनाथचं कर्तृत्व काय? सून तर कुणालाही मिळते. तरी देशाने विचारायचं ठरवलं ते त्याला! टोमणा मारायचा तर त्यालाही तो कळत नाही. मी ओट्यावरून म्हणालो, "मोठे झालाव रंगनाथराव!" तर तो म्हणाला, "कशाचं आलंय मोठं! तुमी या सोमवारी, मला काय त्यातलं कळत न्हाई, तुमीच सांगा तिला." म्हणजे निवड त्याची आणि मी दुभाष्या. माझं पित्त आणखी वाढलं.

त्यातच एक भयंकर शोध लागला. संध्याकाळी रंगनाथने "याचा आवाज कुठं कमी होतोय बघा की" म्हणून मोबाईल माझ्या हातात दिला. वर बघतो तर तो जोडलेला होता 'रेवणप्पा नंबर वन'ला! हा माणूस माझंच वायफाय चोरून वापरत होता, आणि त्या चोरीच्या मालावर सरकारी पाहणीत मिरवणार होता! तो रोज आमच्या सामाईक भिंतीला टेकून का बसतो याचाही उलगडा झाला. त्या भिंतीजवळ माझं वायफाय सगळ्यात जोरात चालतं, हे मला आधीपासून माहीत होतं. मी ते वास्तूचं बळ समजत होतो.

घरात येऊन मी गंगम्माला सांगितलं. ती भाकरी थापता थापता क्षणभर थांबली आणि म्हणाली, "असू द्या. पाण्याला अन् वायफायला कुणाला न्हाई म्हनू नै."

"अगं पण पासवर्ड त्याला मिळाला कसा?"

"मिळाला असंल कुठून तरी. तुमी आता त्या डब्याला हात लावू नका, धूळ बसती." असं म्हणून तिने डब्यावरचं लोकरीचं विणकाम सारखं केलं. आमच्याकडे टीव्ही, मिक्सर आणि वायफायचा डबा या तिघांनाही गंगम्माने लोकरीचे अंगरखे विणलेले आहेत. पासवर्ड बदलून टाकावा असं माझ्या मनात आलं. तो मला बदलता येत नव्हता असं नाही. मनावर घेतलं नव्हतं इतकंच.

दुसऱ्या दिवशी मी मुंजाजीकडे मन मोकळं केलं. मुंजाजी माझ्या दुकानासमोर शिवणाची मशीन चालवतो आणि राहिलेल्या वेळात देश चालवतो. त्याने तोंडातली टाचणी काढली आणि म्हणाला, "सोप्पं हाय की. मागं जनावराच्या मोजणीला आलते तवा आमच्या भावकीचं असंच झालं. घराला कुलूप दिसलं का ते लोक फुडचं घर धरतेत. रंगनाथच्या फुडचं घर कोणाचं?"

"माझं."

"मंग सोमवारी रंगनाथच्या घराला कुलूप पायजे."

"पण ते लावायचं कसं? सून दिवसभर घरात असते. त्याची बायको कस्तुराबाई तर दारातनं हलत नाही."

मुंजाजीने मशीनला पाय लावला. "चूलबंद आवतन," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे आदराने बघितलं. आमच्या भागात आवतनाच्या पायऱ्या आहेत. नुसतं आवतन असलं तर घरटी एक माणूस जातो. पण चूलबंद आवतन आलं की त्या दिवशी घरात चूल पेटवायची नाही. म्हातारं-कोतारं, लेकीसुना सगळ्यांनी जेवायला जायचं. नाही गेलं तर यजमानाचा अपमान. माझा मेहुणा रुद्रेश चुडाव्याला असतो. मी त्याला फोन लावला.

"रुद्रेश, सोमवारी घरी जंगमस्वामींना बोलाव आणि प्रसाद कर. आमच्या शेजाऱ्यांना चूलबंद आवतन दे."

"दाजी, सोमवारी? सोयाबीनची रास व्हायलीय माझी. कशाचा प्रसाद?"

"कशाचा म्हणजे? शिवाचा! त्याला कारण लागतं का?"

रुद्रेशने मजुरांना मशीन बंद करायला सांगितलं. मग हळू आवाजात म्हणाला, "नवस बोलला होताव का दाजी?" मला हे सोयीचं वाटलं. मी म्हणालो, "तसंच समज." बायकोच्या भावाला दाजीचा शब्द मोडता येत नाही, ही एक फार चांगली रूढी आहे. ती चालू ठेवली पाहिजे.

पण नवस ही गोष्ट झाकून राहत नाही. संध्याकाळपर्यंत चुडाव्यात बातमी झाली, की रेवणप्पाला काहीतरी मोठं दुखणं लागलंय आणि त्याचा हा नवस आहे. रात्री गंगम्मा पदर डोळ्याला लावून समोर बसली. "रुद्रेशचा फोन आलता. काय दुखायलंय तुमचं? मला कामून सांगितलं न्हाई?"

"काही दुखत नाही."

"मंग नवस कशाचा?"

"सांगितला की फळत नाही."

तिने माझी नाडी बघितली. नाडीतलं तिला काही कळत नाही, पण मनगट बराच वेळ धरून ठेवलं. इथे मला पहिल्यांदा थोडं अपराधी वाटलं. तेवढ्यात भिंतीपलीकडून रंगनाथच्या हसण्याचा आवाज आला आणि ते वाटणं निघून गेलं.

खरी अडचण पुढेच होती. चुडावा म्हणजे गंगम्माचं माहेर. तिथे प्रसाद आणि ती जाणार नाही, असं होणंच शक्य नव्हतं. वर मीही गेलंच पाहिजे, कारण नवस माझा! मी डोकं चालवून म्हणालो, की नवस बोलणाऱ्याने त्या दिवशी निराहार राहून घराचा ओटा उतरायचा नसतो. हा नियम मी जागच्या जागी तयार केला होता, पण गंगम्माने त्याला हात जोडले. म्हणजे पाहणीच्या दिवशी मला उपास पडला. देशाच्या आकडेवारीसाठी एवढा त्याग दुसऱ्या कुणी केला असेल तर सांगा.

सोमवारी सकाळी रंगनाथने ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली. ट्रॉलीत सतरंजी, सतरंजीवर कस्तुराबाई, सविता आणि आमची गंगम्मा. सविताने कंपनीतून सुट्टी काढली होती. रंगनाथ मला म्हणाला, "तुमच्या नवसाला आमी न्हाई जायचं तर कोण? त्या सर्वेवाल्या पोरीला सांगा, संध्याकाळी येतो म्हनून. बिनघोर ऱ्हावा, तुमाला काय होत न्हाई." त्याच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. मला त्याचाही राग आला. मी मरायला टेकल्यावर रडायचा मान तरी आपल्या माणसांना मिळावा की नाही?

ट्रॉली वळली. रंगनाथच्या दाराला भलंमोठं कुलूप होतं. इतकं देखणं कुलूप मी आजवर बघितलं नव्हतं.

राजेश्री आली तेव्हा मी अंघोळ, पूजा आटोपून, दुकानातला नवा सदरा घालून ओट्यावर बसलो होतो. साक्षीला मुंजाजी होताच. तिने कुलूप बघितलं. मी म्हणालो, "गावाला गेलेत. कधी येतील सांगता येत नाही." यातलं पहिलं वाक्य खरं होतं. तिने तिच्या साहेबांना फोन लावला, बराच वेळ "हो सर, हो सर" केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, पुढचं घर तुमचंच ना? तुम्हाला वेळ आहे का?"

मी म्हणालो, "बघतो." असं म्हणावं लागतं.

चहा मुंजाजीने आणला. माझा उपास असल्यामुळे तो दोघांनीच घेतला. राजेश्रीने टॅबलेट मांडीवर ठेवला. "घरात माणसं किती? म्हणजे एका चुलीवर जेवणारी. एक चूल म्हणजे एक कुटुंब, असं धरतो आम्ही."

"दोन. मी आणि मंडळी."

"घरात इंटरनेटची जोडणी आहे?"

या प्रश्नासाठी मी जगत होतो. मी घसा साफ केला. "आहे, आणि नुसती आमच्यापुरती नाही. सांगू नये, पण हे कुलूपवाले शेजारीही माझ्याच जोडणीवर चोरून चालतात. हे तुमच्या पाहणीत आलं पाहिजे."

"तसा प्रश्न नाहीये काका."

"मग प्रश्न वाढवा. आधी मोबाईल काढा, वायफायची नावं बघा. सगळ्यात वर काय दिसतंय ते मोठ्यानं वाचा."

तिने बघितलं. "काही नाही दिसत काका."

"चष्मा आहे का तुम्हाला?"

मी माझा मोबाईल काढला. नाव नाही. मुंजाजीने त्याचा काढला. नाव नाही. मी भिंतीजवळ गेलो, जिथे वास्तूचं बळ होतं. तिथेही नाही. मी पलंगावर चढून मोबाईल छताला लावला. राजेश्री म्हणाली, "डब्याचे दिवे बघा ना." मी लोकरीचा अंगरखा उचलला. आत एक लाल दिवा तेवढा जळत होता.

"लाल म्हंजे त्याला राग आलाय," मुंजाजी म्हणाला.

"लाल म्हणजे वायर तुटली असेल," राजेश्री म्हणाली. आम्ही तिघे ओट्यावर येऊन वर बघू लागलो. विजेच्या खांबावरून माझ्या घराकडे येणारी काळी वायर निम्म्यातच संपत होती. तिचं टोक पिंपळाच्या फांदीवर लोंबत होतं आणि त्यावर कोळ्यांनी जाळी केली होती. हे आजचं तुटणं नव्हतं.

मी गंगम्माला साधा फोन लावला. चुडाव्यात पंगत बसली होती, आवाज ऐकू येईना, म्हणून स्पीकर लावला. माणसाचे दिवस फिरले की त्याला स्पीकर लावायची बुद्धी होते.

"अगं, वायफाय बंद पडलंय!"

"आँ? थांबा." मग तिचा आवाज लांब गेला. "सविता, ह्यांचं वायफाय बंद झालंय म्हनायलेत... काय?... अगं बाई!" पुन्हा जवळ. "आवं, सवितानं निघताना घराचा मेन खटका पाडला. कुलूप लावायचं म्हनून."

"तिने तिच्या घराचा खटका पाडला तर माझं वायफाय का बंद होईल?"

पलीकडे नुसती पंगत ऐकू येत होती. वाढपी "भात, भात" करत होता.

"गंगम्मा?"

"आता नवसाच्या दिवशी खोटं कशाला बोलू. आपली वायर वानरांनी तोडून वर्स होत आलं. तुमी त्या वायरवाल्या सिद्धोधनची कंपनीकडं तक्रार करून बसलाव, मंग तो कशाला येतोय? अन् तुमाला सकाळी सुविचार धाडायला न्हाई मिळाला तर तुमी दिसभर जेवत न्हाईत. मी कस्तुराबाईला बोलले. तर सविता म्हनली, त्यात काय, तुमच्या डब्याचं वायफाय बंद करून ठिवते अन् आमच्या डब्याला काकांचंच नाव अन् पासवर्ड टाकते, म्हंजे काकांचा मोबाईल आपला आपलाच लागतोय. काकांना कळायचं सुद्दा न्हाई."

माझ्या हातात मोबाईल होता म्हणून बरं, नाहीतर ते हात कुठे ठेवायचे हे मला कळलं नसतं. राजेश्री टॅबलेटकडे बघत होती. तीन वेळा पुसून झालेला टॅबलेट ती पुन्हा ओढणीने पुसत होती. मुंजाजी मात्र उघड उघड माझ्याकडे बघत होता.

मग फोनवर रंगनाथ आला. "रेवणप्पा, काई फिकीर करू नका. च्यावी समोरच्या सुमनबाईकडं ठिवलीय. आत जावा, दारामागं खटका हाय, तो वर करा. त्या सर्वेवाल्या पोरीला म्हनावं, आमी संध्याकाळी येतोच. आन् उपास हाय तुमचा, उन्हात उभं ऱ्हाऊ नका."

चावी आणायला मी गेलो. नवसाचा ओटा उतरलो. रंगनाथच्या घरात एकटा मी पहिल्यांदाच शिरत होतो. खटका वर केला आणि डबा शोधला. सविताचं कामाचं टेबल खिडकीपाशी, घराच्या त्या टोकाला होतं. डबा तिथे नव्हता. तो या टोकाला होता, आमच्या सामाईक भिंतीवर, खास खिळा ठोकून टांगलेला. त्याच्यासाठी त्यांनी अख्ख्या घरातून वायर फिरवून आणली होती. एकेक करून त्याचे दिवे हिरवे झाले आणि माझ्या खिशातला मोबाईल थरथरला. 'रेवणप्पा नंबर वन'ला जोडलं गेलं होतं.

मी तिथेच रंगनाथच्या बाजेवर बसलो. खूप लाज वाटली. पण खरं सांगतो, लाजेच्या खालून हळूहळू पित्त वर येत होतं. रंगनाथकडे ट्रॅक्टर आहे, म्हशी आहेत, इंटरनेट आहे हे मी कसंबसं सोसलं असतं. पण तो माझ्यापेक्षा चांगला माणूसही निघावा? एकाच माणसाला किती द्यायचं याला काही मर्यादा?

बाहेर आलो तर राजेश्री उठली होती. "काका, ते लोक संध्याकाळी येणारच आहेत असं म्हणाले ना फोनवर, मग तुमचं घर घेता येणार नाही. मी उद्या त्यांच्याकडेच येते. तुमची माहिती काढून टाकते हं."

"काढून म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही नव्हताच."

दुसऱ्या दिवशी रंगनाथची माहिती घेणं झालं. त्याने मला हाताला धरून शेजारी बसवलं होतं. घरात किती माणसं इंटरनेट वापरतात असं राजेश्रीने विचारलं, तेव्हा तो बोटं मोजत म्हणाला, "आमी तिघं, आन् हे दोघं. पाच."

"काका, एका चुलीवरची माणसं फक्त."

"काल येकाच चुलीवर जेवलो की आमी चुडाव्याला. ह्यांच्याच नवसाचं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "हे तेवढे उपाशी होते. पण चूल येकच."

राजेश्रीने तीन लिहिलं. मी मान खाली घालून बघत होतो.

त्या रात्री मी ठरवलं, की हे उपकार अंगावर ठेवायचे नाहीत. सिद्धोधनच्या घरी गेलो, तक्रार मागे घेतली, गंगम्माच्या हातच्या शेंगदाण्याच्या पोळ्या दिल्या. तो नवी वायर घेऊन आला, पिंपळ टाळून ती लांबून आणली आणि डबा चालू करून म्हणाला, "काका, 'रेवणप्पा नंबर वन' नावाचं तर शेजारी चालू हाय. तुमच्याला काय नाव टाकू?"

रंगनाथला माझं नाव काढायला सांगावं, असं मनात आलं होतं. पण मग तो ते लगेच, हसतमुखाने काढणार, आणि आणखी चांगला ठरणार! मोठं मन काय त्या एकट्याच्याच बापाचं आहे? मला ते इतकं सहन होईना, की मी दात ओठ खाऊन म्हणालो, "टाक, 'रंगनाथ नंबर वन'!"

गंगम्माने कौतुकाने माझ्याकडे बघितलं. सिद्धोधनसुद्धा हातातलं काम थांबवून बघत राहिला. रात्री मला छान भूक लागली. मी तीन भाकरी खाल्ल्या.

सकाळी दुकान उघडायला गेलो तर मुंजाजीच्या मशीनभोवती चारपाच जण आमच्या गल्लीतल्या वायफायच्या नावांचा मोबाईलवरचा फोटो बघत उभे होते. मी मुद्दाम हळूहळू कुलूप काढत राहिलो, कान तिकडे लावून.

"बघितलं का?" मुंजाजी सगळ्यांना सांगत होता. "शेजाऱ्यानं आपल्या घराच्या वायफायला नाव दिलंय रंगनाथचं! आता बोला. रेवणप्पासारख्या माणसाला सुद्दा असं करावं वाटलं, म्हंजे तो रंगनाथ काय देवमाणूस असंल!"

दुपारी गंगम्माने विचारलं, "जेवत कामून न्हाईत? पित्त झालंय का?"

मी हो म्हणालो.